बाळाचा कान आणि तेलाची वाटी

बाळाला न्हाऊमाखू घालायचं म्हटलं की आपल्याकडे आधी तेलाची वाटी कोमट होते. टाळू भरायची, अंग चोळायचं आणि शेवटी दोन थेंब कानात. ही रीत आली कुठून, हे आज आम्ही बघणार आहोत, कारण कुठून आली ते कळलं तर काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते आपलं आपल्याला ठरवता येतं.

कानात तेल घालणं फार जुनं. चरकसंहितेत रोजच्या दिनचर्येत ते सांगितलंय. पण ती दिनचर्या मुळात मोठ्या माणसाची. सुश्रुतसंहितेत बाळाचे कान टोचायचे ते सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, असं आहे. आपण मात्र कितीतरी घरी बाराव्या दिवशीच टोचून मोकळ्या होतो आणि वर म्हणतो, ही जुनी रीत! त्या काळी जिवंत माणसाच्या कानातला पडदा उजेडात नीट बघायची सोय नव्हती. भोक पाडलेल्या आरशानं कानात उजेड टाकून पडदा तपासायला डॉक्टर लागले ते एकोणिसाव्या शतकात. पडदा फाटलेला आहे की शाबूत, हेच कळत नसताना आपल्या आज्या-पणज्यांनी तेल घातलं, तर त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. आपल्याला मात्र आता माहीत आहे.

तेलाच्या जोडीला कानकोरणं असायचं. दातकोरण्याबरोबर एकाच कडीत अडकवलेलं, कुणाकडे चांदीचंसुद्धा. ते मोडीत निघालं आणि त्याची जागा केसाच्या पिनेनं, काडेपेटीच्या काडीनं घेतली. मग दुकानात कापसाची काडी आली. तिची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. 1923 साली अमेरिकेत लिओ गेर्स्टेनझँग नावाच्या गृहस्थांनी पाहिलं, की बायको बाळाला स्वच्छ करायला दातकोरणीच्या काडीला कापूस गुंडाळते आहे. त्यांनी तशी तयार काडी बाजारात आणली. म्हणजे ती जन्माला आली तीच बाळांसाठी. आणि 1970 च्या दशकात त्याच काड्यांच्या डब्यांवर कानाच्या आत घालू नका अशी सूचना छापावी लागली! आपल्याकडे प्लास्टिकच्या दांडीच्या काड्यांवर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे, पण ती कचऱ्यामुळे. कागदाच्या किंवा बांबूच्या दांडीची काडीही कानाच्या आत तितकीच वाईट.

आम्हाला वाटतं, सगळा घोळ ‘मळ’ या शब्दानं केलाय. मळ म्हटलं की काढायलाच हवा असं वाटतं. खरं तर ते कानानं स्वतः केलेलं मेण. धूळ, किडा, पाणी अडवतं. कानाच्या नळीतली कातडी आतून बाहेर हळूहळू सरकत असते, तिच्याबरोबर हे मेणही आपोआप दाराशी येतं. काडी घातली की ते उलट आत ढकललं जातं, पडद्याशी घट्ट बसतं. बाळानं मान हलवली तर पडद्यालाच इजा. तेलानं कान ओलसर राहतो, धूळ चिकटते, बुरशी धरते. पडद्याला भोक असेल तर तेल सरळ आत. लसूण घालून कढवलेलं तेल जरा गरम राहिलं तर भाजतंच. आईचं दूधही कानात पिळू नका.

मग करायचं काय? आंघोळीनंतर मऊ सुती कापड ओलं करून पिळायचं आणि कानाची पाळी, कानामागची घडी पुसायची. दाराशी दिसेल तेवढा मळ टिपायचा. बोटाला कापड गुंडाळून आत शिरायचं नाही. तेल हातापायांना, पाठीला लावा, हरकत नाही.

पाजतानाही कानाचा विचार हवा. घशापासून कानापर्यंत एक बारीक नळी असते. बाळाची ती आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दीचा त्रास कानापर्यंत लवकर पोचतो. डोकं थोडं उंच धरून पाजा. आडवं झोपवून बाटली तोंडात देऊ नका.

आणि कान वाहायला लागला तर ‘दात येताहेत म्हणून’ असं म्हणून बसू नका. पू, घाण वास, ताप, कानाशी हात नेऊन रडणं, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरकडे न्या. वाहता कान तसाच राहिला तर ऐकू येणं कमी होतं आणि ऐकू न आलेलं मूल बोलायला मागे पडतं. मग त्याला ‘मठ्ठ’ म्हणायला सगळे तयार. मोठ्या आवाजाला बाळ दचकत नसेल, सहा-सात महिन्यांचं होऊन हाकेकडे मान वळवत नसेल, तर आशाताईंना सांगा. 2013 च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ऐकण्याची तपासणीही येते. अंगणवाडीत त्यांचं पथक येईल त्या दिवशी बाळाला घेऊन जा आणि कानाचं तुम्ही होऊन विचारा.