आरपीजी-रचनेतील स्टॅट व डॅमेज यांचे संतुलन

रोल-प्लेइंग गेम, म्हणजेच आरपीजी, या खेळप्रकारात पात्राची ताकद, चपळाई, बचाव इत्यादी गुण आकड्यांनी ठरवलेले असतात. या आकड्यांना स्टॅट म्हणतात. पात्र पडण्यापूर्वी किती मार सोसू शकते याच्या मापाला हिट पॉइंट अथवा एचपी म्हणतात, आणि एका हल्ल्यात त्यातून जेवढे वजा होतात त्याला डॅमेज म्हणतात. स्टॅटवरून डॅमेज काढण्याचे सूत्र व त्या सूत्रात जाणारे आकडे असे बेतणे, की लढत पोरखेळ ठरू नये आणि अशक्यही होऊ नये, व खेळाडूने निवडलेला कोणताही रास्त मार्ग वाया जाऊ नये, याला संतुलन म्हणतात. मोठ्या कंपन्यांत या कामासाठी स्वतंत्र माणसे आणि चाचणी घेणारे गट असतात. हौशी रचनाकार मात्र कथा, चित्रे व संगीत यांबरोबर हेही एकटाच करतो, आणि बहुधा सुरुवातीलाच आकडे मनाला येतील तसे भरून टाकतो. संतुलनाची बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात.

या गणिताचा उगम युद्धखेळांत आहे. 'चेनमेल' (१९७१) या नियमावलीत साधा सैनिक एका यशस्वी घावात मरत असे. डेव्ह आर्नसन यांनी आपल्या 'ब्लॅकमूर' या खेळमोहिमेत, खेळाडूला एकच पात्र दीर्घकाळ सांभाळता यावे म्हणून, नौदलीय युद्धखेळांतील जहाजांप्रमाणे पात्रांनाही टप्प्याटप्प्याने कमी होणारे बळ दिले. गॅरी गायगॅक्स व आर्नसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९७४ च्या पहिल्या आवृत्तीत सर्व शस्त्रांचे डॅमेज सहा बाजूंच्या एका फाशाने ठरे आणि सर्वसाधारण एकपातळी शत्रूचे एचपीही तशाच एका फाशाने ठरत. दोहोंची सरासरी ३.५ असल्यामुळे लागलेला घाव दहांपैकी सुमारे सहा वेळा असा शत्रू लोळवी. पुढच्याच वर्षी आलेल्या 'ग्रेहॉक' या पुरवणीने योद्ध्याच्या एचपीसाठी आठ बाजूंचा आणि जादूगाराच्या एचपीसाठी चार बाजूंचा फासा दिला, शस्त्रागणिक डॅमेज वेगळे केले, आणि अंगच्या ताकदीची भर घावात घातली. पात्रापात्रांत खरा फरक यामुळे पडला, परंतु त्या फरकांचा मेळ घालण्याचे काम रचनाकाराच्या माथी कायमचे आले.

संगणकीय खेळांत हा मेळ मुख्यतः सूत्रावर अवलंबून असतो. सर्वांत सोपे सूत्र वजाबाकीचे : हल्ल्याच्या आकड्यातून बचावाचा आकडा वजा करावा आणि उरेल ते डॅमेज मानावे. जपानी हौशी मंडळी या रीतीला 'आर्टेरिओस' (१९८७) या खेळाच्या नावाने ओळखतात. हौशी रचनाकारांत सर्वाधिक रुळलेल्या 'आरपीजी मेकर' या साधनाच्या व्हीएक्स एस व एमव्ही या आवृत्त्यांत साध्या हल्ल्याचे मूळ सूत्रही याच कुळातले आहे : हल्लेखोराचा हल्ला गुणिले ४, वजा समोरच्याचा बचाव गुणिले २. हल्ला व बचाव दोन्ही २० असल्यास डॅमेज ४० येते. आता हल्ला ३० केला, म्हणजे दीडपट केला, तर डॅमेज ८० होऊन थेट दुप्पट होते. उलट हल्ला २० च ठेवून बचाव ४० केला, तर डॅमेज शून्यावर येते. पुढच्या टप्प्यात हा उतार आणखी तीव्र होतो. हल्ला ४० आणि बचाव ७८ असताना डॅमेज अवघे ४ येते, आणि हल्ल्यात ५ ची भर घालणारी एखादी तलवार हाती पडताच ते २४ होते. रचनाकाराच्या दृष्टीने ती तलवार किरकोळ असते, पण खेळाडूच्या दृष्टीने तिच्याअभावी तो शत्रू अभेद्य ठरतो. म्हणून वजाबाकीचे सूत्र लहान आकड्यांच्या खेळात अधिक शोभते. 'पेपर मारिओ' (२०००) मध्ये नायकाचे एचपी १० पासून सुरू होतात आणि सुरुवातीचा घाव १ चा असतो. तिथे बचावाचा एकेक अंक खेळाडूला दिसतो व मोजता येतो, त्यामुळे शून्य डॅमेजही त्याला अन्याय वाटत नाही.

दुसरे कुळ गुणोत्तराचे. 'पॉकेमॉन' (१९९६) या मालिकेच्या सूत्रात हल्ल्याला बचावाने भागले जाते, त्यामुळे बचाव कितीही वाढला तरी डॅमेज झपाट्याने शून्याकडे न जाता हळूहळू घटते. हौशी खेळांत हल्ल्याचा वर्ग भागिले हल्ला व बचाव यांची बेरीज हे रूप सोयीचे पडते. त्यानुसार हल्ला ४० असताना बचाव २० असल्यास डॅमेज सुमारे २७, बचाव ४० असल्यास २० आणि बचाव ८० असल्यास सुमारे १३ येते. चिलखताने डॅमेजचा ठरावीक टक्का थेट कापण्याची रीत मात्र फसवी आहे, कारण ८० टक्के कपातीवरून ९० टक्क्यांवर जाताना आकडा दहानेच वाढलेला दिसला तरी पात्राचा टिकाव दुप्पट होतो. त्याऐवजी १०० भागिले १०० अधिक बचाव या प्रमाणात डॅमेज घटवल्यास बचावाचा प्रत्येक अंक टिकावात सारखीच भर घालतो : २०० एचपीच्या पात्राचा बचाव ५० असल्यास ते ३०० एचपीइतके, तर १०० असल्यास ४०० एचपीइतके टिकते.

तथापि कोणतेही सूत्र घेतले तरी खेळाडूच्या अनुभवाला येते ती घावांची संख्या. १०० एचपीचा शत्रू ३४ च्या घावाने तिसऱ्या वेळी पडतो आणि ४९ च्या घावानेही तिसऱ्याच वेळी पडतो. मधल्या पंधरा अंकांसाठी मोजलेले सोने वाया जाते. याउलट ३३ वरून ३४ वर जाणारा एकच अंक एक अख्खा टर्न, म्हणजे एक खेळी, वाचवतो. म्हणून आकड्यांकडून लढतीकडे न जाता लढतीकडून आकड्यांकडे येणे हाच भरवशाचा मार्ग होय : साधा शत्रू तीन घावांत पडावा, मुख्य शत्रूशी झुंज बारा फेऱ्या चालावी, नायकाने चार फटके सोसावेत, हे आधी लिहून काढावे आणि त्यावरून एचपी व हल्ला यांचे आकडे मागे मोजत यावे. यात यदृच्छेसाठी फट ठेवावी लागते. आरपीजी मेकरमध्ये साध्या हल्ल्याचे डॅमेज २० टक्क्यांपर्यंत खालीवर होत असल्याने सरासरी ३४ चा घाव प्रत्यक्षात २८ ते ४० असा पडतो, आणि तीन घावांची खात्री उरत नाही.

दोन पात्रप्रकारांची तुलना करताना प्रत्येकाचे एचपी व प्रत्येक टर्नमधील डॅमेज यांचा गुणाकार पाहावा. १०० एचपी व २० डॅमेजचा योद्धा आणि २०० एचपी व १० डॅमेजचा रक्षक समोरासमोर बरोबरीत सुटतात, कारण दोघांचाही गुणाकार २००० आहे. दोन्ही स्टॅट १० टक्क्यांनी वाढवल्यास पात्र २१ टक्क्यांनी बलवान होते, हे पात्राच्या प्रगतीच्या पायरीगणिक, म्हणजे लेव्हलगणिक, सगळेच आकडे एकदम वाढवणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. चपळाई या गुणाकाराबाहेरची वाटते, पण ती सर्वांत धोक्याची आहे. जिथे प्रत्येक फेरीत प्रत्येकाला एकच खेळी मिळते तिथे चपळाईने फक्त क्रम ठरतो, म्हणून शत्रूपेक्षा थोडी जास्त असली की पुढचे अंक निरुपयोगी होतात. परंतु 'फायनल फँटसी ४' (१९९१) प्रमाणे वेळेची पट्टी भरताच खेळी मिळत असेल, तर दुप्पट चपळाई म्हणजे दुप्पट घाव, दुप्पट उपचार, दुप्पट सर्व काही. अशा खेळात चपळाई ताकदीच्याच भावाने विकत देणे ही उघड चूक आहे.

नेम लागण्याच्या शक्यतेबाबत गणिताइतकेच मानवी मनाचे भान लागते. नेम १० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेल्यास सरासरी डॅमेज दीडपट होते, तर ९० वरून ९५ वर गेल्यास जेमतेम साडेपाच टक्क्यांनी वाढते. मात्र ९० टक्के दाखवून हुकलेला घाव खेळाडूला खोटेपणा वाटतो. 'फायर एम्ब्लेम' मालिकेने २००२ च्या 'द बाइंडिंग ब्लेड'पासून दोन यादृच्छिक संख्यांची सरासरी वापरली, त्यामुळे ९० म्हणून दाखवलेली शक्यता वास्तविक ९८ टक्क्यांच्या घरात जाते.

प्रत्यक्ष पडताळणीसाठी हौशी रचनाकाराला स्प्रेडशीट पुरते. एका रकान्यात लेव्हल, पुढे त्या लेव्हलचे नायकाचे व शत्रूचे स्टॅट, आणि शेवटी घावसंख्या मांडली की सूत्र कुठे बिघडते ते ओळीओळीने दिसते. थोडे प्रोग्रॅमिंग येत असल्यास तीच लढत हजार वेळा आपोआप खेळवून जिंकण्याचे प्रमाणही काढता येते. मुख्य शत्रूची चाचणी निदान दोन खेळाडू कल्पून घ्यावी : वाटेतल्या लढती टाळत आलेला, आणि प्रत्येक झुडपातला शत्रू मारून लेव्हल वाढवत बसलेला. दोघांतील अंतर आठ-दहा लेव्हलचे निघाल्यास शत्रूचे एचपी बदलून काही साधत नाही. प्रत्येक पुढील लेव्हलसाठी लागणारे, लढती जिंकून मिळणारे अनुभवगुण अधिक चढत्या दराने वाढवावेत, म्हणजे रेंगाळणाऱ्याची वाढ आपोआप मंदावते व घाई करणारा पुढच्या भागातल्या दोन-तीन लढतींतच त्याला गाठतो.