चाकाची वाट आणि कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी म्हटलं की आपल्याला इतिहासकार आठवतो, जुनी नाणी तराजूत तोलणारा. मीही वर्गात त्यांचं नाव इतिहासाच्याच तासाला घ्यायचे. पण मंडळी, हा माणूस पेशाने गणिती! त्यांचं गणित मराठीत फारसं कोणी सांगत नाही, म्हणून बी.ए.च्या कुवतीने सांगून पाहते.

आधी चाक. हार्बरची लोकल रुळांना बांधलेली, ती कुठे असू शकते हेच ठरलेलं. आमच्या सोसायटीतल्या मोटारीचं तसं नाही. ती आडवी सरकत नाही, तरी पुढे-मागे करत, स्टिअरिंग फिरवत आपण तिला दोन गाड्यांच्या मधे बसवतोच की! म्हणजे बंधन जागेवर नाही, त्या क्षणी कुठल्या दिशेला सरकायचं यावर आहे. हाइनरिश हर्ट्झ यांच्या मृत्यूनंतर १८९४ साली निघालेल्या ग्रंथात या दोन प्रकारांतला भेद मांडला आहे. रुळाचं बंधन होलोनोमिक, चाकाचं नॉनहोलोनोमिक. आणि गंमत अशी, की सगळ्या शक्य वाटा तोलून 'क्रिया' कमीत कमी ठेवणारी वाट निवडायची, हा यंत्रशास्त्राचा लाडका नियम गडगडणाऱ्या वस्तूला सरळ लावला तर उत्तर चुकतं.

मग भूमितीने सुरुवात कुठून करायची? १९३३ साली, पंचविशीच्या सुमारास, कोसंबींनी एका जर्मन नियतकालिकात लेख लिहिला. त्यात त्यांनी असा कुठलाही नियम गृहीत धरला नाही. हातात फक्त वाटांची समीकरणं घेतली आणि विचारलं, यांची भूमिती कोणती? शेजारच्या दोन वाटा जवळ येतात की फाकत जातात? त्याच अंकात पाठोपाठ थोर फ्रेंच गणिती एली कार्तां यांचं टिपण आलं. १९३९ मध्ये चर्न यांनी ते काम पुढे नेलं. आज त्याला कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धांत म्हणतात.

कोसंबींनी चाकावर लिहिलं, असा माझा दावा नाही. पण चाकांच्या काही प्रश्नांत बंधन हिशेबात घेऊन जी समीकरणं उरतात, त्यांच्यामागे तो लाडका नियम असेलच असं नाही. तिथे ही नजर उपयोगी पडते. मला तर यात तोच नाणी तोलणारा माणूस दिसतो. आधी हातातलं वजन, ग्रंथ मागाहून.

भाचेमंडळींतले इंजिनियर वाचत असतील तर पुढचं त्यांनी मला समजावावं. चहा माझ्याकडे.