सुटे पान आणि क्रमिक पुस्तक : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी स्वरलिपी-प्रकाशनाचा व्यवसाय

प्रस्तावना

१८६७ च्या मुद्रणालय व पुस्तक नोंदणी अधिनियमात 'पुस्तक' या संज्ञेची व्याख्या करताना ग्रंथ, ग्रंथाचा भाग आणि पुस्तिका यांच्या जोडीला स्वतंत्रपणे छापलेले वा शिळाछापावर काढलेले संगीताचे प्रत्येक पान, नकाशा आणि तक्ता यांचाही समावेश करण्यात आला होता. ही व्याख्या इंग्लंडमधील कायद्याच्या वळणाची होती आणि तिच्यामागे तेथील बाजारपेठ उभी होती. घरात पियानो, पियानोवर स्वरलिपीचे सुटे पान आणि ते वाचून गाणारे कुटुंब, असे त्या बाजारपेठेचे स्वरूप होते. मुंबई इलाख्यात कायदा लागू झाला, परंतु कायद्यात अभिप्रेत असलेली ही वस्तू मराठी समाजात रुजली नाही. मराठीत संगीत छापले गेले ते प्रामुख्याने पुस्तकाच्या रूपाने, आणि तेही बहुतांशी क्रमिक पुस्तकाच्या रूपाने.

हे असे का घडले आणि त्याचे परिणाम काय झाले, याचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. स्वरलिपीचा इतिहास सामान्यतः पं. विष्णु नारायण भातखंडे व पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या पद्धतींच्या तुलनेपुरता सांगितला जातो. येथे त्याकडे व्यवसाय म्हणून, म्हणजे कोणी छापले, कोणी विकत घेतले आणि छपाईबाहेर काय राहिले, या दृष्टीने पाहिले आहे.

सुट्या पानाची बाजारपेठ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये 'टिन पॅन ॲली' या नावाने ओळखला जाणारा गीतप्रकाशकांचा व्यवसाय भरभराटीस आला. चार्ल्स हॅरिस यांच्या १८९२ मधील 'आफ्टर द बॉल' या गीताच्या प्रती लाखोंच्या संख्येने खपल्या. गीतकाराकडून गीत विकत घ्यावे, नाटकगृहात आणि दुकानात ते गाऊन दाखवावे आणि श्रोत्याने घरी वाजविण्यासाठी त्याचे पान विकत न्यावे, अशी ही साखळी होती. तिचा पाया दोन गोष्टींवर होता : घरोघरी असलेले वाद्य आणि स्वरलिपी वाचण्याची सर्वसाधारण साक्षरता.

मुंबईत अशी बाजारपेठ अजिबात नव्हती असे नाही. धोबीतलाव परिसरात १८६५ पासून फुर्तादो यांची पेढी पाश्चात्त्य वाद्यांच्या व्यापारात होती. गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखनाचे शिक्षण मिळत असे. तेथून मुंबईस आलेले ख्रिस्ती वादक बँडमध्ये व वाद्यवृंदांत कागदावरचे संगीत वाचूनच वाजवीत. म्हणजे एकाच शहरात संगीत वाचणारा एक समाज आणि संगीत केवळ ऐकून शिकणारा दुसरा समाज शेजारी शेजारी नांदत होते. मराठी स्वरलिपी-प्रकाशकापुढे पहिला प्रश्न होता तो गिऱ्हाइकाचा. आधी वाचक घडवायचा आणि मगच पुस्तक विकायचे, हा क्रम त्याला टाळता येण्यासारखा नव्हता.

नाटकातील पदे आणि 'चाल'

मराठीत लोकप्रिय गीतांची विक्री होत नव्हती असे मात्र नव्हे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग पुण्यात झाला आणि त्यानंतर संगीत नाटकाने मध्यमवर्गाची अभिरुची व्यापली. १९११ चे 'मानापमान' आणि १९१६ चे 'स्वयंवर' या नाटकांनी अनुक्रमे गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांच्या चाली घरोघरी पोहोचविल्या. न्यूयॉर्कच्या प्रकाशकाला हवी असलेली सर्व सामग्री येथे उपलब्ध होती. लोकप्रिय गीत होते, नामवंत गायक होते, हौशी प्रेक्षक होता आणि हार्मोनियमच्या रूपाने मध्यमवर्गीय घरात वाद्यही येऊ लागले होते.

तरीही नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या माथ्यावर स्वर नसत. तेथे राग, ताल आणि 'चाल' यांचा निर्देश असे. चाल म्हणजे वाचकाला आधीपासून ठाऊक असलेल्या दुसऱ्या एखाद्या गीताचा आरंभ. ही योजना वरवर अपुरी वाटली तरी व्यवहारात ती अत्यंत किफायतशीर होती. तिला नवा टाइप लागत नसे आणि वाचकाला प्रशिक्षणही लागत नसे. कीर्तन, आर्या, साकी, दिंडी, लावणी यांच्या परंपरेतून आलेला चालींचा साठा समाजाच्या स्मरणात होता आणि छापील ओळ केवळ त्या साठ्याकडे बोट दाखवीत असे. ज्या समाजात कान इतका तयार होता, तेथे सुट्या पानाची निकड भासली नाही, हे समजण्यासारखे आहे.

पुढे ध्वनिमुद्रिकेने ही जागा अधिकच भरून काढली. १९०२ मध्ये फ्रेड गायस्बर्ग यांनी कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केले आणि १९०८ मध्ये तेथेच सियालदा भागात तबकड्यांचा कारखाना सुरू झाला. पाश्चात्त्य देशांत सुट्या पानाचा व्यवसाय आधी स्थिरावला आणि तबकडी नंतर आली. महाराष्ट्रात लोकप्रिय संगीताच्या बाबतीत छापील स्वर रुजण्यापूर्वीच तबकडी येऊन ठेपली.

शाळा हेच गिऱ्हाईक

अशा परिस्थितीत स्वरलिपीला आधार मिळाला तो शाळेचा. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८८६ मध्ये गायनशाळा सुरू झाली. तिचे प्रमुख मौलाबक्ष यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार करून पाठ्यपुस्तके सिद्ध केली. वर्गात एकाच वेळी अनेक विद्यार्थी शिकविणे हे गुरुमुखी परंपरेला अपरिचित होते. फळा, तास आणि इयत्ता यांच्याबरोबर पुस्तक ओघानेच आले.

या प्रयोगाला व्यवसायाचे रूप दिले ते पलुस्करांनी. कुरुंदवाड येथे १८७२ मध्ये जन्मलेल्या आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे शिकलेल्या पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. विद्यालयाला राजाश्रय नव्हता. तिकीट लावून केलेले जलसे, देणग्या, शुल्क आणि पुस्तकविक्री यांवर ते चालवावयाचे होते. उपदेशक वर्गातील विद्यार्थ्यांच्या निवासाचा व भोजनाचा भारही संस्थेवर होता. त्यामुळे पलुस्करांनी स्वतःचे मुद्रणालय उभारले. 'संगीत बालप्रकाश', 'राग प्रवेश', 'भजनामृत लहरी', 'राष्ट्रीय संगीत', 'महिला संगीत' ही त्यांच्या पुस्तकांची नावेच गिऱ्हाईक कोण हे स्पष्ट करतात. शाळकरी मुले, भाविक कुटुंबे, राष्ट्रीय सभांचे कार्यकर्ते आणि घरातील स्त्रिया हा तो वर्ग होय. या वर्गाच्या घरात पुस्तक जावे म्हणून शृंगारिक बंदिशींच्या शब्दांत फेरफार करून भक्तिपर शब्द योजण्याचा मार्गही पलुस्करांनी पत्करला. त्या निर्णयामागे नीतीइतकाच बाजारपेठेचाही विचार होता, असे म्हणावयास जागा आहे.

हा व्यवसाय संस्थेला तारू शकला नाही. मुंबईतील वास्तूसाठी काढलेल्या कर्जापायी १९२० च्या दशकाच्या मध्यास ती हातची गेली. पलुस्कर नाशिकला गेले आणि १९३१ मध्ये मिरज येथे त्यांचे निधन झाले. पुस्तके खपत होती, परंतु शाळा, वसतिगृह आणि इमारत यांचा संपूर्ण भार पेलण्याइतके उत्पन्न त्यांतून निघणे शक्य नव्हते.

भातखंडे यांचा मार्ग वेगळा होता. ते व्यवसायाने वकील होते आणि मुंबईच्या पारशी मंडळींनी स्थापन केलेल्या गायन उत्तेजक मंडळीशी त्यांचा दीर्घकाळ संबंध होता. 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ १९०९ मध्ये आणि मराठीतील 'हिंदुस्थानी संगीत पद्धति'चा पहिला भाग १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे सहा भागांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'त त्यांनी अठराशेच्या आसपास बंदिशी स्वरलिपीसह दिल्या. त्यांच्या ग्रंथांचे प्रकाशक भा. सी. सुकथनकर हे धंदेवाईक ग्रंथविक्रेते नव्हते, ते भातखंडे यांचे स्नेही होते. ज्ञानप्रसाराच्या निष्ठेवर उभे राहिलेले हे प्रकाशन होते. तथापि त्यालाही गिऱ्हाईक लाभले ते विद्यालयांचेच. ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय (१९१८) आणि लखनौचे मॅरिस कॉलेज (१९२६) यांच्या अभ्यासक्रमाशी ही पुस्तके जोडली गेली. 'क्रमिक' या विशेषणातच इयत्तांचा क्रम अभिप्रेत आहे.

खिळ्यांचा प्रश्न

स्वरलिपीच्या निवडीत छापखान्याच्या सोयीचाही भाग होता. देवनागरी मजकुरात अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा व अनुस्वार आणि खाली उकार असतो. त्यात स्वरांची चिन्हे वाढविली की जुळाऱ्याचे काम दुप्पट होते. भातखंडे पद्धतीत तार सप्तकासाठी स्वराच्या डोक्यावर बिंदू, मंद्र सप्तकासाठी खाली बिंदू, कोमल स्वरासाठी खाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमासाठी वर उभी रेघ असते. डोक्यावरचा बिंदू म्हणजे दिसण्यात अनुस्वारच, आणि तो कोणत्याही देवनागरी छापखान्याच्या खणात तयार होता. एका मात्रेतील अनेक स्वरांना खालून एकच चंद्राकार कंस दिला की काम भागते.

पलुस्कर पद्धतीत मंद्र सप्तकासाठी वर बिंदू, तार सप्तकासाठी वर उभी रेघ आणि प्रत्येक स्वराच्या कालमानासाठी त्याच्याखाली स्वतंत्र चिन्ह असते. ही पद्धती काळाच्या बाबतीत अधिक काटेकोर, परंतु जुळणीस अधिक कष्टाची आहे. ज्याचे स्वतःचे मुद्रणालय आहे आणि ज्याचे जुळारी या कामात सरावलेले आहेत, त्यालाच ती परवडेल. भातखंडे पद्धतीचा पुढे जो अधिक प्रसार झाला, त्याच्या कारणांत तिच्या सुलभतेबरोबर जुळणीच्या या सोयीचाही विचार करावयास हवा.

छपाईबाहेर राहिलेले संगीत

शाळा हेच गिऱ्हाईक असल्याने जे अभ्यासक्रमात बसले नाही ते स्वरलिपीतही आले नाही. भातखंडे यांच्या मालिकेत ध्रुपद, धमार, ख्याल, तराणा, लक्षणगीत यांना स्थान मिळाले. लावणी व तमाशा यांचे संगीत या व्यवस्थेच्या बाहेर राहिले. पोवाडे व लावण्या छापल्या जात नव्हत्या असे नाही. ॲकवर्थ व शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्येच निघाला होता. परंतु अशा संग्रहांतून शब्द टिकले, सूर गायकाच्या गळ्यातच राहिले.

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर-आंबेगाव परिसर या दृष्टीने उद्बोधक आहे. नारायणगाव हे तमाशाचे मोठे केंद्र. यात्रांच्या हंगामात तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी देऊन फड ठरवितात. भाऊ-बापू मांग यांचा फड आणि पुढे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत नेलेली परंपरा याच मातीतली. येथे संगीताचे अर्थकारण पूर्णतः प्रयोगावर उभे होते. चाल हे फडाचे भांडवल होते आणि ते शिष्याच्या किंवा लेकीच्या गळ्यात सुपूर्द होत असे. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात पश्चिमेला, घोड नदीच्या खोऱ्यातील डिंभे परिसरात महादेव कोळी समाजाची लग्नाची व सणांची गाणीही अशीच तोंडी चालत आली. या संगीताला छापील पानाची गरज नव्हती, आणि छापणाऱ्यालाही त्यात गिऱ्हाईक दिसत नव्हते.

या वगळण्याचा परिणाम केवळ सांस्कृतिक नव्हता. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमात संगीतकृतीची मूळ व्याख्या छापलेल्या, लिहिलेल्या किंवा अन्य प्रकारे रेखांकित केलेल्या संगीतापुरती मर्यादित होती. ही अट १९९४ च्या दुरुस्तीने दूर झाली. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही जवळपास चार दशके, कागदावर न उतरलेली चाल कायद्याच्या दृष्टीने संगीतकृतीच ठरत नव्हती. फडातील एखादी चाल चित्रपटात गेली, तर ती बांधणाऱ्याला या व्याख्येचा आधार मिळणे दुरापास्त होते. कोणाचे संगीत छापावयाचे हा प्रकाशकाने गिऱ्हाइकाकडे पाहून घेतलेला निर्णय अशा रीतीने कोणाचे संगीत 'मालमत्ता' ठरणार या प्रश्नाशी जाऊन भिडला.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मराठीत सुट्या पानाचा व्यवसाय उभा राहिला नाही याचे कारण संगीताविषयीची अनास्था हे नव्हे. चालींचे सामूहिक स्मरण आणि त्यापाठोपाठ आलेली तबकडी यांनी त्याची गरजच उरू दिली नाही. दुसरी, स्वरलिपी टिकली ती विद्यालये व परीक्षा यांच्या आधारावर. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी आणि भातखंडे परंपरेतील विद्यालयांनी या पुस्तकांना दरवर्षी नवा वाचक मिळवून दिला. भातखंडे यांची मालिका पुढे हाथरसच्या संगीत कार्यालयाने हिंदीत आणली, तीही विद्यार्थ्यांच्याच मागणीमुळे. तिसरी, अभ्यासक्रमाच्या या चौकटीने शास्त्रोक्त संगीताला लिखित वारसा दिला आणि त्याच वेळी लोकसंगीताला त्यापासून दूर ठेवले.

महाविद्यालयीन स्तरावर लोककलांचे जे दस्तऐवजीकरण केले जाते, त्यात आजही बहुधा शब्दच नोंदविले जातात. सुरांची नोंद, ती बांधणाऱ्याच्या व गाणाऱ्याच्या नावासह, झाली नाही तर छपाईच्या युगात झालेली चूक ध्वनिमुद्रणाच्या युगातही तशीच चालू राहील. जुन्नर-आंबेगावसारख्या परिसरातील महाविद्यालयांना हे काम हाती घेण्यासाठी दूर जावे लागणार नाही. ज्यांच्या गळ्यात हे सूर आहेत, ती माणसे त्यांच्या पंचक्रोशीतच आहेत.