मुसाफिराची शिदोरी

कोकणातल्या आमच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बोटीवर गेली, आफ्रिकेत गेली, पुढे आखातात गेली. निघणाऱ्याच्या पेटीत काय घालायचे यापेक्षा तिकडे तो कोणाकडे उतरणार, हा प्रश्न घरच्यांच्या मनात मोठा असे. इब्ने बतूताचा सफरनामा हाती घेतला तेव्हा आमच्याही मनात हाच प्रश्न होता. हा माणूस एकटा निघाला. मग तो रोज रात्री उतरला कुठे? पैसे संपले तेव्हा त्याने काय केले? आपल्या लेखांतून त्याचे नाव अभिमानाने घेतात, तो किती मैल फिरला याचे आकडे देतात. मैलांत आम्हांला फारसा रस नाही.

टँजियरच्या काझी घराण्यातल्या या मुलाने १४ जून १३२५ रोजी घर सोडले. वय एकवीस, इरादा हजचा. सोबती नव्हता, काफिला नव्हता. वाटेत ताप भरला, तेव्हा मागे राहू नये म्हणून त्याने पगडीच्या कापडाने स्वतःला खोगिराला बांधून घेतले. ट्यूनिसच्या वेशीवर लोक आपापल्या ओळखीच्यांना भेटायला आले, सलाम-दुवा झाली; याच्याकडे कोणी वळले नाही. तो रडू लागला. तेव्हा एक हाजी जवळ आला आणि शहरात शिरेपर्यंत त्याच्याशी बोलत राहिला. पुढे ट्यूनिसहून हजचा काफिला निघाला, त्याने याच रडणाऱ्या मुलाला आपला काझी नेमले. चार किताबे शिकलेला होता, तेवढेच त्याचे भांडवल.

हे भांडवल त्याला पुढे जन्मभर पुरले. जिथे अरबी जाणणारा काझी होता, मदरसा होता, फकिरांची खानकाह होती, तिथे त्याला भाकरी आणि अंथरूण मिळे. या पाहुणचारामागे वक्फाचा पैसा असे. दमास्कसच्या वक्फांचे त्याने जे वर्णन केले आहे ते आपल्या प्रत्येक मुतवल्लीने वाचावे. हजला न जाऊ शकणाऱ्यांच्या वतीने कोणी जावे यासाठी वक्फ, गरीब मुलींच्या लग्नासाठी वक्फ, वाटसरूंच्या अन्नवस्त्रासाठी वक्फ. एका गल्लीत एका गुलाम पोराच्या हातून चिनी मातीची थाळी पडून फुटली. मालक मारील म्हणून पोर घाबरले. कोणीतरी सांगितले, तुकडे गोळा कर आणि भांड्यांच्या वक्फाकडे जा. तिथे तुकडे दाखवल्यावर त्याला नव्या थाळीचे पैसे मिळाले. त्या पोराला मुक्त करणारा वक्फ मात्र त्या गल्लीत कोणाला आठवला नाही. आणि खुद्द इब्ने बतूतानेही पुढे गुलाम बाळगले, विकत घेतले, भेट दिले. हेही सांगितले पाहिजे.

तुर्कांच्या मुलखात त्याला तुर्की येत नव्हते. देनिझलीच्या बाजारात काही लोकांनी त्याच्या घोड्याचा लगाम धरला, दुसरे येऊन त्यांच्याशी भांडू लागले, सुरे निघाले. आता लुटतात, असे याला वाटले. अरबी जाणणारा एकजण आला तेव्हा उलगडा झाला: हे अखी बिरादरीचे दोन गट, आणि भांडण होते पाहुणा कोणाकडे उतरेल याचे! अखेर चिठ्ठ्या टाकल्या.

दिल्लीची रीत वेगळी. मुहम्मद तुघलकाला भेटायचे तर नजराणा हवा. सुलतान उलट त्याहून कितीतरी मोठी बक्षिसी देई. तेव्हा नजराण्यासाठी परदेशी पाहुण्यांना कर्ज देणारे व्यापारी तयारच असत. आमचा मुसाफिर दिल्लीचा काझी झाला, वार्षिक १२,००० दिनार पगार ठरला, आणि कर्ज झाले ५५,००० दिनार. ते सुलतानाकडून फेडून घेण्यासाठी त्याने काय काय केले हे तो स्वतःच सांगतो. ती पाने वाचताना हसू येते.

पण १३४२ साली सुलतानाचा वकील म्हणून चीनला निघाला, आणि कोइलजवळ, म्हणजे आजच्या अलीगढपाशी, तो लुटारूंच्या हाती सापडला. तिथे काझीपण कामाला येणार नव्हते. पकडणाऱ्यांनी त्याला ठार मारायचे ठरवले होते. त्यांच्यातल्याच एका तरुणाने त्याला सोडले. याने आपला अंगरखा काढून त्याला दिला, त्याने बदल्यात एक जुनेर दिले. मग किती दिवस रानात, उपाशी. आठव्या दिवशी एक विहीर सापडली, दोर होता, पण बादली नाही. दोराला जोडा बांधून त्याने पाणी शेंदायला घेतले, तर जोडा विहिरीत पडला. दुसरा जोडा बांधून पाणी प्याला. तेवढ्यात काळ्या वर्णाचा एक माणूस आला, त्याने सलाम केला, मूठभर खायला दिले. चालवेना तेव्हा त्याने याला खांद्यावर घेतले. शुद्ध आली ती एका गावात: रयत हिंदू, अंमलदार मुसलमान. खांद्यावर आणणारा निघून गेला होता. त्याने आपले जे नाव सांगितले होते, त्याचा फारसी तर्जुमा दिलशाद.

मग तो आमच्या मुलखात आला. दौलताबादेस त्याने गवयांचा बाजार पाहिला, त्यातल्या मशिदींत रमजानची तरावीह होत असे. तिथल्या अंधारकोठडीतल्या मांजराहून मोठ्या उंदरांची गोष्ट ऐकली. नंदुरबारला मराठे भेटले. ते कसबी कारागीर आहेत, वैद्यक आणि ज्योतिष जाणतात, भात, भाज्या आणि तिळाचे तेल खातात, असे तो लिहितो. आपल्या लोकांविषयी परक्याने लिहिलेल्या या चार ओळी आम्ही दोनदा वाचल्या.

कालिकतला तो जुम्म्यासाठी किनाऱ्यावर थांबला. वादळात नजराण्याचे जहाज फुटले, आणि त्याचे सामान असलेले दुसरे जहाज त्याला न घेताच निघून गेले. हाती उरले दहा दिनार आणि ज्यावर निजला होता ते अंथरूण. पुढे समुद्रात चाच्यांनी पुन्हा नागवले, अंगावर फक्त इजार ठेवली. तसाच तो कालिकतच्या मशिदीत शिरला. कोणी कपडा पाठवला, काझीने पगडी, एका व्यापाऱ्याने आणखी एक वस्त्र.

अखेरच्या सफरीत, १३५२ साली, तो सहारा ओलांडून मालीला गेला. तिथे जाणाऱ्यासाठी त्याची सूचना अशी: धान्य नको, नाणी नकोत, मिठाचे तुकडे, काचेचे मणी आणि लवंगांसारखे सुगंधी पदार्थ घ्या, गावागावांतून बाया ज्वारी-तांदूळ, दूध, कोंबड्या घेऊन येतात. वाळवंटात उवा फार, म्हणून लोक गळ्यात पाऱ्याची दोरी घालतात, हेही सांगायला तो विसरत नाही.

या शिदोरीची किंमत घरी राहिलेल्यांनी दिली. दमास्कसमध्ये त्याने एक गरोदर बायको सोडली होती. मुलगा झाल्याचे हिंदुस्थानात कळले, तेव्हा मुलाच्या आजोबांकडे चाळीस सोन्याचे दिनार पाठवले. १३४८ साली दमास्कसला परतल्यावर पहिली चौकशी मुलाची केली. मुलगा मरून बारा वर्षे झाली होती. तिथेच कळले की वडील वारले त्यालाही पंधरा वर्षे झाली. आई मात्र हयात आहे. महामारीने शहरे ओस पडत होती, त्यांतून तो पश्चिमेकडे निघाला. मोरोक्कोत पोहोचता पोहोचता आई त्याच महामारीत गेल्याचे समजले. टँजियरला जाऊन त्याने तिच्या कबरीची जियारत केली, आणि मग सेउताकडे निघाला.