मठातलं स्वयंपाकघर
सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठासाठी नियमावली लिहिली. तिच्या 7व्या प्रकरणात नम्रतेच्या 12 पायऱ्या आहेत. पण माझ्या मते नम्रतेचा खरा कस 35व्या प्रकरणात, स्वयंपाकघरात लागतो. तिथे संन्याशांनी आठवड्याच्या पाळीने सेवा करायची. शनिवारी काम सोडणाऱ्याने हातपाय पुसायचे पंचे धुवायचे, नव्या सेवकासोबत सगळ्यांचे पाय धुवायचे आणि भांडी घासूनपुसून कोठारप्रमुखाच्या हवाली करायची. वेळापत्रकाने आलेली नम्रता पोकळच, असं कुणी म्हणेल. पण मन नमेपर्यंत थांबलं असतं तर भांडी खरकटीच राहिली असती! शिवाय बेनेडिक्ट भाबडा नव्हता. आजाऱ्यांना सूट होती, अशक्तांना मदतनीस. आपल्या कसबामुळे मठाला लाभ होतो असा ताठा चढलेल्या कारागिराला मात्र, 57व्या प्रकरणानुसार, त्या कामावरून सरळ उठवलं जाई.