जलसंजीवनीची कुळकथा

कॉलऱ्याचे जंतू आतड्याचं अस्तर फाडत नाहीत, तरी रोग्याच्या अंगातलं पाणी काही तासांत वाहून जातं. 1959 मध्ये कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सशांच्या आतड्यावर प्रयोग करून यामागचा गुन्हेगार दाखवला. जंतू गाळून काढले, तरी उरलेला द्रव तोच उत्पात घडवत होता. म्हणजे घात करतं ते जंतूंनी सोडलेलं विष.

हे विष पेशीच्या पटलातला क्लोराइडचा मार्ग उघडाच ठेवतं, असं पुढे कळलं. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत जातं, त्यामागे सोडियम आणि दोघांच्या मागे पाणी. अशा वेळी नुसतं मिठाचं पाणी पाजून भागत नाही, कारण मीठ आत घेण्याची नेहमीची वाटही विषाने अडवलेली असते.

एक वाट मात्र शाबूत राहते. ऑगस्ट 1960 मध्ये प्रागच्या परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं, की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज एकटं शिरत नाही, सोडियमला सोबत घेऊन शिरतं. ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत येतात आणि त्यांच्या ओढीने पाणीही. कॉलऱ्याचं विष या जोडवाटेला हात लावत नाही. मीठ-साखरेचं पाणी जीव वाचवू शकतं, ते यामुळे.

गंमत अशी, की उपाय या सिद्धांताच्याही आधी करून झाला होता. कलकत्त्याच्याच हेमेंद्रनाथ चटर्जींनी 1953 मध्ये मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडाने पाजून 186 रोगी बरे केल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. वैद्यकविश्वाने त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. ही उपेक्षा महागात पडली. 1968 मध्ये ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी काटेकोर चाचणी घेतली, जेवढं पाणी गेलं तेवढंच मोजून पाजलं, तेव्हा कुठे शिरेतून द्यायच्या सलाइनची गरज सुमारे 80 टक्क्यांनी घटल्याचं सिद्ध झालं.

खरी कसोटी लागली ती 1971 मध्ये, बांगलादेश युद्धाच्या वेळी, पश्चिम बंगालच्या सीमेवरल्या बनगावला. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते, रुग्णालयात खाटा पुरत नव्हत्या, रोगी जमिनीवर पडलेले, सलाइन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांचं मिश्रण पिंपांत कालवलं आणि ते पाजायचं काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपवलं. डॉक्टरांनी असा विश्वास टाकणं तेव्हा धाडसाचंच होतं. छावण्यांत 30 टक्क्यांच्या घरात गेलेला मृत्युदर त्यांच्याकडे साडेतीन टक्क्यांच्या आसपास आला. लिटरमागे खर्च होता 11 पैसे.

पुढे जलसंजीवनीच्या, म्हणजे याच मिश्रणाच्या, पुडीत सोड्याऐवजी सायट्रेट आलं, कारण ते दमट हवेत टिकतं. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी 20.5 ग्रॅमची असते. त्यात ग्लुकोज 13.5 ग्रॅम, बाकी मीठ, पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. ती पूर्ण 1 लिटर पाण्यातच विरघळवायची. चवीसाठी साखर वाढवली, तर न शोषलेली साखर उलट अंगातलंच पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात.