पपईच्या चिकातून निघालेली सुई

घाटकोपर-मुलुंडकडच्या खाटकाला मटण जून वाटलं तर तो आपणहून सांगतो, 'कच्ची पपई लावून ठेवा.' हिरव्या फळाच्या सालीला चीर दिली की पांढरा चीक ओघळतो आणि त्यातली पाचक द्रव्यं मांसाचे धागे सोडवतात. अंधेरी-बोरिवलीच्या इस्पितळांत आज 'मणक्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन' होतं, त्याची कुळी मी या चिकापर्यंत नेऊन भिडवतो.

पपई मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या काळात ती इकडे आली आणि आता नंदुरबारच्या शहाद्याकडे तिच्या बागाच बागा आहेत. मांस मऊ करण्याची युक्तीही फळाबरोबरच आली असणार, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेच्या उष्ण भागांत पपईच्या पानांत मांस गुंडाळून ठेवण्याची रीत जुनीच होती.

चिकातलं 'कायमोपपेन' हे द्रव्य १९४१ साली वेगळं काढलं गेलं. पण कथेला खरी कलाटणी दिली ती सशांच्या कानांनी. पुढे निबंधकार म्हणून गाजलेले डॉक्टर लुईस थॉमस सशांच्या शिरेत पपईचं 'पपेन' टोचत होते. काही तासांत सशांचे ताठ कान लुळे पडून डोक्याच्या दोन्ही बाजूंना लोंबू लागले. ससे एरवी ठणठणीत होते आणि काही दिवसांनी कान पुन्हा उभेही राहिले. थॉमस यांनी कानाचे काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, पण काही हाती लागलं नाही. कूर्चा म्हणजे निवांत पडून असलेली ऊती, तिच्यात काय घडणार, असा तेव्हाचा समज होता. काही वर्षांनी विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी त्यांनी हाच प्रयोग पुन्हा केला. या वेळी निरोगी सशाचे काप शेजारी ठेवले आणि फरक लख्ख दिसला. कूर्चेचा भरावच विरघळला होता. १९५६ साली हे छापून आलं.

मणक्यांमधली गादीही कूर्चेच्याच जातीची, आणि तिच्या आत पाणी धरून ठेवणारा मऊसर गर. गादी फाटून हा गर बाहेर आला की नस दबते आणि कळ थेट पायात उतरते. याचं कारण मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ सालीच दाखवलं होतं. पण उपाय एकच होता: पाठ उघडायची, हाड काढायचं, नस बाजूला सारायची. अमेरिकेतल्या इलिनॉयचे लायमन स्मिथ यांनी कायमोपपेन आधी सशांच्या गादीत टोचून पाहिलं आणि १९६४ साली माणसांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. बाजूने सुई घालायची, गरात द्रव्य सोडायचं. गर पाणी धरेनासा होतो, आक्रसतो आणि नस मोकळी होते.

इथे दुसरा पक्ष उभा राहतो. यासारगिल आणि कास्पार यांनी १९७७ साली सूक्ष्मदर्शकाखाली छोट्या चिरेतून गादी काढून दाखवली. बारीक शस्त्रक्रियेचा जन्म तिथला, असं पुष्कळ जण मानतात. मला हे पटत नाही. त्यांनी चीर आखूड केली, वाट जुनीच ठेवली. मागून, हाडातून, नसेला हटवून. पपईची सुई बाजूने आत शिरली आणि मज्जारज्जूच्या नळीला तिने हातही लावला नाही. आजची दुर्बीण कमरेत अनेकदा याच वाटेने शिरते.

तिसरा दावा मात्र वजनदार आहे. बाजूने मणक्यात नळी घालण्याचं हत्यार क्रेग यांनी १९५६ सालीच हाडाचा तुकडा तपासायला काढण्यासाठी बनवलं होतं आणि फिलाडेल्फियाच्या परवीझ कॅम्बिन यांनी १९७३ पासून तीच नळी गादीसाठी वापरली. हत्यार हाडाच्या तपासणीचं, हे मी मान्य करतो. पण मज्जारज्जूची नळी न उघडता, गादीच्या पोटातूनच गर कमी करून नसेवरचा भार उतरवायचा, हा विचार पपईचाच. जपानच्या हिजिकाता यांनी १९७५ साली त्याच विचाराने बारीक नळीतून चिमट्याने गर काढला. द्रव्याच्या जागी चिमटा आला, एवढाच फरक.

पुढे कॅम्बिन यांनी त्या वाटेवरची सुरक्षित जागा नेमकी आखून दिली. वरून तिरकी उतरणारी नस ही एक बाजू, खालच्या मणक्याचा माथा ही दुसरी आणि खाली जाणारी नस ही तिसरी. 'कॅम्बिनचा त्रिकोण' तो हाच. आज रुग्ण पालथा झोपतो आणि अनेकदा जागाच असतो; फक्त जागा बधिर करतात. क्ष-किरणाच्या पडद्यावर बघत आधी सुई, सुईतून तार, तारेवरून एकात एक जाड होत जाणाऱ्या नळ्या. शेवटची नळी सात-आठ मिलिमीटरची. तिच्यातून सलाइन वाहत असतं आणि मोकळी झालेली नस पडद्यावर हलताना दिसते. चिमटा नसेजवळ गेला तर रुग्णच सांगतो, 'पायात करंट आला.' तेवढ्यावर सर्जन हात आवरता घेतो. मानेची गोष्ट निराळी. तिथे वाटा वेगळ्या आणि त्यांचा इतिहासही वेगळा.

खुद्द पपईचं औषध टिकलं नाही. अमेरिकेत १९८२ साली त्याला मान्यता मिळाली, पण काहींना जिवावर बेतणारी ॲलर्जी झाली, क्वचित मज्जारज्जूलाही इजा झाली. पपई किंवा मांस मऊ करणारी पूड ज्यांना सोसत नाही, त्यांना हे इंजेक्शन वर्ज्य होतं. २००३ साली तिथली विक्री थांबली. द्रव्याने गर आटवण्याची कल्पना मात्र जपानने सोडली नाही. तिथे २०१८ साली 'कॉन्डोलिएज' या इंजेक्शनला मान्यता मिळाली. ते एका जिवाणूपासून मिळतं आणि प्रथिनांना न छेडता गरातल्या पाणी धरणाऱ्या साखळ्याच तोडतं. स्मिथ यांची सुई तिथे आजही त्याच गादीत शिरते.